पाटीवरचे ते नाव कोणाचे?

प्रश्न : पेडर रोडच्या पाटीवर ‘डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग’ असे आहे. हे लोकहितवादीच ना? (गिरगाव)

नाही. लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरी देशमुख (१८२३–१८९२). ते न्यायखात्यात होते, डॉक्टर नव्हते. पाटीवरचा ‘डॉ.’ वाचला असता तर हा घोटाळा झाला नसता! हा रस्ता शल्यविशारद डॉ. गोपाळराव विनायक देशमुख यांच्या नावाचा. त्यांनी केंद्रीय विधिमंडळात मांडलेल्या विधेयकातून १९३७ चा हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा झाला. वकील मंडळी त्याला ‘देशमुख कायदा’ म्हणतात. नवरा मृत्युपत्र न करता वारला, तर विधवेला मुलाइतका वाटा मिळू लागला. हक्क मात्र हयातीपुरता. विकायचे तर कायदेशीर गरज दाखवावी लागे. मुलींच्या पदरात त्यातून काही पडले नाही, आणि प्रांतांतली शेतजमीन फेडरल कोर्टाच्या १९४१ च्या निर्णयाने बाहेर राहिली. त्या मर्यादित हक्काची पूर्ण मालकी झाली ती १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ मुळे. एवढे काम केलेल्या माणसाच्या नावापुढे दोन ओळी लिहायला पाटीवर जागा नक्की होती.

प्रश्न : व्ही. पी. रोड, एस. व्ही. पी. रोड आणि एस. व्ही. रोड यांत नेहमी गफलत होते. (वांद्रे)

पहिले दोन सख्ख्या भावांचे. ‘व्ही. पी.’ म्हणजे थोरले विठ्ठलभाई पटेल, १९२५ मध्ये केंद्रीय विधिमंडळाचे पहिले निर्वाचित हिंदी अध्यक्ष. रस्त्याचे जुने नाव गिरगाव बॅक रोड. ‘एस. व्ही. पी.’ म्हणजे सरदार वल्लभभाई, जुना सँडहर्स्ट रोड. ‘एस. व्ही.’ मात्र स्वामी विवेकानंद, आणि तो पश्चिम उपनगरांतला जुना घोडबंदर रोड. पत्त्यात ‘पी’ गळला की पाकीट भलतीकडे जाते, म्हणून पिनकोड लिहाच.

प्रश्न : प्रिन्सेस स्ट्रीटचे शामलदास गांधी कोण? (ठाणे)

२५ सप्टेंबर १९४७ रोजी मुंबईत माधवबागेत जाहीर झालेल्या जुनागढच्या ‘आरझी हुकूमत’चे, म्हणजे हंगामी सरकारचे प्रमुख. ‘वंदे मातरम्’ या गुजराती वृत्तपत्राचे संपादक आणि महात्माजींचे पुतणे. माधवबाग या रस्त्यापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे.

प्रश्न : आमच्या गल्लीला ज्यांचे नाव आहे, त्यांची माहिती कुठेच मिळत नाही. काय करावे? (परळ)

आधी पाटीवरचे पूर्ण नाव आणि रस्त्याचे जुने नाव टिपून घ्या. नुसत्या आद्याक्षरांवर शोध पुढे सरकत नाही. मग महापालिकेकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. नामकरणाला सभागृहाची मंजुरी लागते, त्यामुळे ठराव चिटणीस खात्याकडे असतो. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्रात मजकूर १५० शब्दांच्या आत आणि विषय एकच हवा.

बहुतेकांचे चुकते ते प्रश्नात. ‘हे नाव का दिले?’ असे विचारले की ‘अभिलेखात माहिती नाही’ म्हणून अर्ज निकाली निघतो, कारण अधिकाऱ्याने फक्त दप्तरी असलेलेच द्यायचे असते. त्याऐवजी असे मागा : ‘नामकरणाच्या ठरावाची, मूळ प्रस्तावाची आणि त्यासोबतच्या टिपणाची प्रत.’ त्या व्यक्तीचा परिचय मिळालाच, तर बहुधा प्रस्तावासोबतच्या कागदांत मिळतो. प्रतीला पानामागे २ रुपये पडतात. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करा.