‘नको, तुम्ही बसा’ त्यांना कसं ऐकू आलं?

ताई, माझं वय २९. यंदा नोकरी बदलली. नव्या ऑफिसात कुणाशी सूर जुळत नाही. मी मुळात भिडस्त. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की मोबाइलमध्ये डोकं घालते. त्यात बघण्यासारखं काही नसतं. काय बोलावं याची मनात जुळवाजुळव चालते आणि तोवर मजला येतो. सुरुवातीला काही जणींनी दुपारी जेवायला त्यांच्या टेबलावर बोलावलं. आपलं म्हणायचं म्हणून म्हणत असतील, असं वाटून मी ‘नको, तुम्ही बसा’ म्हटलं. परवा प्रिंटरपाशी उभी होते, तर पार्टिशनपलीकडून ऐकू आलं, ‘त्या नवीनचा तोरा बघितलास? मान वर करून बघतसुद्धा नाही.’ बोलणारी कोण ते आवाजावरून कळलं. बाई मुळातच खोचक आणि मत्सरी आहे. तिला सरळ जाब विचारू का? भाऊ म्हणतो, व्यक्तिमत्त्व विकासाचा कोर्स कर. माझा चेहराच तसा आहे का?
— एक भिडस्त मुलगी

प्रिय मुली,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण झोप त्यानंच उडवली असणार. चेहऱ्याचा थोडा हात असतो, नाही असं नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जनीन विलिस आणि अलेक्झांडर तोदोरोव्ह यांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढा वेळ दाखवले. तेवढ्यातच हा विश्वासू वाटतो, हा आक्रमक वाटतो, असं सांगून लोक मोकळे झाले. वेळ वाढवून दिला तेव्हा मत फारसं बदललं नाही, ‘माझं बरोबरच आहे’ ही खात्री तेवढी वाढली. तेव्हा लोक आपल्याला नीट निरखून मग मत बनवतात, हा समज सोड. पण ऑफिसात तू एका क्षणापुरती नसतेस, रोज असतेस. म्हणून तुझ्या बाबतीत मला चेहऱ्यापेक्षा त्या ‘नको, तुम्ही बसा’चा संशय जास्त येतो.

तुझ्या बाजूनं त्या तीन शब्दांत काय काय होतं बघ. यांना अवघडल्यासारखं व्हायला नको, आपण मध्ये घुसायला नको, बोलावणं खरं असेल तर पुन्हा बोलावतीलच, आणि ‘मला यायचं आहे’ हेसुद्धा. आता टेबलाच्या बाजूनं बघ. कुणी तरी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतलेली असेल आणि नवी मुलगी नको म्हणून निघून गेली. बस, एवढंच.

स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन हिनं १९९० साली पीएचडीसाठी एक गमतीदार प्रयोग केला होता. एकानं माहितीतल्या गाण्याची चाल टेबलावर बोटांनी वाजवायची, दुसऱ्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं घुमत असतं, ऐकणाऱ्याच्या कानावर नुसती टकटक येते. लिफ्टमध्ये तुझं हेच होतं. छातीतली धडधड तुला इतकी मोठ्यानं ऐकू येते की शेजारच्याला ती कळत नसेल हे तुला पटतच नाही. त्याला दिसते ती मोबाइलवरून नजर न काढणारी बाई.

मग ‘बावरली असेल बिचारी’ असं का नाही कुणाच्या मनात येत? कारण आपला तो बाब्या. स्वतः चुकलो की आपल्याकडे कारणं तयार असतात. परका चुकला की त्याचा स्वभावच तसा. प्रिन्स्टनमध्येच जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी १९७३ साली धर्मोपदेशक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवलं. वाटेत दारापाशी एक माणूस खोकत, कण्हत पडलेला. हाताशी वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले; ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलेल्यांतले १० टक्के. न थांबलेल्याला खिडकीतून बघणारा काय म्हणाला असता? काय दगड आहे हा! त्या पोराला झालेला उशीर खिडकीतून कसा दिसणार?

आता थोडं बोचेल असं लिहिते. पार्टिशनपलीकडून आलेल्या एवढ्याशा बोलण्यावरून तू त्या बाईला ‘मुळातच खोचक आणि मत्सरी’ ठरवलंस. तिच्याशी तू कधी बोलली आहेस, असं पत्रात कुठंही नाही. आणि एक गोष्ट तू लिहायची राहिली: तुला जेवायला बोलावणाऱ्यांत ती होती का? असेल, तर तो मत्सर नव्हे, नकाराचा राग आहे. पाठीमागं बोलली ते वाईटच, त्याची बाजू मी घेत नाही.

(भाषा, रंग किंवा आडनाव बघून लोक दूर ठेवतात, ती गोष्ट वेगळी. तिथं समजावून सांगण्याची जबाबदारी सोसणाऱ्यावर टाकू नये. तुझ्या पत्रात तसं काही दिसलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.)

जाब विचारू नकोस. चोरून ऐकलंस इथूनच भांडण सुरू होईल आणि ती आपलं म्हणणं सोडणार नाही. त्याऐवजी त्या टेबलावरची जी कोणी तुला त्यातल्या त्यात सोपी वाटते, तिला एकटीला गाठून सांग, ‘मागे मी नको म्हटलं ते संकोचानं. आज बसू का तुमच्याबरोबर?’ एवढंच, माफी नको, स्वभावाची कहाणी नको. लिफ्टमध्ये मोबाइल पर्समध्ये ठेव आणि वाक्य सुचलं नाही तर नुसती मान हलव.

त्या रात्री ‘मी किती बावळटासारखं बोलले’ याची उजळणी होईलच. एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली अनोळखी माणसांच्या गप्पा अभ्यासल्या, तेव्हा समोरच्याला आपण जेवढे आवडलो असू असं लोकांना वाटत होतं, त्याहून ते खरं तर जास्त आवडले होते. तेव्हा त्या रात्रीच्या निकालावर सही करू नकोस.

भावाला सांग, कोर्सचे पैसे सध्या राहू देत. तुझ्या व्यक्तिमत्त्वाला काही झालेलं नाही, एका नकाराचा खुलासा तेवढा बाकी आहे.

एखादी तरीही तोंड वाकडं करेल. करू दे. बाकीच्यांचं काय झालं ते मात्र कळव, आणि त्यांनी ‘नको’ म्हटलं तर तेही.

— ताई