पोट बांधलं नाही तर ते असंच राहील का?

सिझर झालेल्या बाळंतिणी समुपदेशनाला येतात तेव्हा दूध, झोप, टाके यांवर बोलणं होतं, आणि उठता उठता एक प्रश्न येतोच. पट्टा किती दिवस लावायचा? नाही लावला तर पोट असंच सुटलेलं राहील का? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली 25.4 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसतात. म्हणजे चारातली एक बाई पोटावर टाके घेऊन घरी जाते, आणि घरी पोट बांधण्याचा रिवाज तिच्याआधी हजर असतो. दवाखान्याचा पट्टा आणि आजीची जुनी नऊवारी, दोन्ही एकाच पोटावर येतात. कुठल्याचं काम काय, हे मात्र तिला कुणी सांगितलेलं नसतं.

अशाच एका मुलीबद्दल लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सासर पिंपरी-चिंचवडचं, बाळंतपणाला माहेरी सोलापूरला आलेली. पहिलटकरीण. बऱ्याच तासांच्या कळांनंतर ऐनवेळी सिझर करावं लागलं. ती आईबरोबर आली तेव्हा बाळ तीन आठवड्यांचं होतं आणि एप्रिलचा उन्हाळा भरात होता. दूध कमी पडतंय, अशी तक्रार होती. बोलताना ती मधेच थांबून श्वास घेत होती. खुर्चीत टेकून बसता येत नव्हतं. "काय होतंय?" असं विचारल्यावर म्हणाली, "काही नाही, पट्टा आहे ना."

पट्टा दवाखान्यातून मिळालेला. सुट्टी देताना सिस्टरांनी "लावत जा" एवढंच सांगितलं होतं. किती वेळ, किती घट्ट, कधी काढायचा, यातलं काही नाही. मग तो दिवसभर असायचा आणि रात्रीही. सकाळी मालिशवाल्या मावशी आल्या की आंघोळीनंतर आई आधी जुन्या नऊवारीने पोट ओढून बांधायची आणि त्यावर दवाखान्याचा पट्टा चढायचा. जेवण गेलं की छातीत जळजळ. बाळाला जवळ घेताना पट्ट्याची कड वर सरकून छातीखाली रुतायची, त्यामुळे दूध पाजणं ती लवकर आटपायची. कमरेला घामोळं उठलेलं, टाक्यांच्या एका टोकाला ओल.

ती ओल ऐकल्यावर मी पुढचं बोलणं थांबवलं आणि तिला आधी डॉक्टरांकडे पाठवलं. मी समुपदेशक आहे, जखम बघणं माझं काम नाही. जंतुसंसर्ग नव्हता. घामाने कातडी सतत ओली राहून मऊ पडली होती. जखम कोरडी, मोकळी ठेवा, असं सांगून डॉक्टरांनी चार दिवस पट्टा बंद केला.

हे ऐकून ती रडायला लागली. जखमेची भीती नव्हती, पट्टा काढावा लागणार याची होती.

तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. बारशाला नात्यातल्या एका बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "अजून एक राहिलंय का आत?" सगळे हसले, तीही हसली. त्या दिवसापासून ती रोज सकाळी मोबाइलवर पोटाचा फोटो काढायची आणि आदल्या दिवशीच्या फोटोशी ताडून बघायची. पट्टा दर दिवशी जरा आणखी ओढायची. आरशात बघणं सोडलं होतं. आईला यातलं काही माहीत नव्हतं, ती शेजारी बसून पहिल्यांदाच ऐकत होती.

अशा वेळी "पोट जाईल गं, काळजी करू नकोस" असं म्हणून भागत नाही. ते तिला सगळ्यांनीच सांगितलेलं असतं. आत काय चाललंय हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून मी तिथून सुरुवात केली. बाळ आणि वार बाहेर आल्यावर गर्भाशय साधारण एक किलोचं असतं आणि बेंबीपर्यंत हाताला लागतं. ते रोज साधारण बोटभर खाली उतरतं. दहा ते चौदा दिवसांत ओटीपोटाच्या हाडांमागे जातं आणि सहा आठवड्यांत साठ-सत्तर ग्रॅमवर येतं. हे आकुंचन शरीर स्वतः करतं. बाळ अंगावर पितं तेव्हा ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि त्याने गर्भाशय आवळतं. पाजताना ओटीपोटात कळ येते ती याचीच. पट्टा कितीही ओढला तरी गर्भाशय लवकर उतरत नाही. उलट पट्ट्यापायी पाजणं कमी झालं, तर आकुंचन ज्यामुळे होतं तेच कमी होतं.

दुसरी गोष्ट स्नायूंची. पोटाच्या मधोमध दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना जोडणारी एक पट्टी असते. गरोदरपणात ती ताणून रुंद होते. हे आजारपण नव्हे, बाळाला जागा अशीच होते. नॉर्वेत 300 पहिलटकरणींना वर्षभर तपासलं, तो अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी 60 टक्के बायकांच्या पोटात स्नायूंमधलं हे वाढलेलं अंतर होतं, सहा महिन्यांनी 45 टक्क्यांच्या आणि वर्षानेही जवळजवळ 33 टक्क्यांच्या. आकडे ऐकताना तिने मान वर केली. "म्हणजे तीन आठवड्यांत कुणाचंच जात नाही?" बहुतेकींचं नाहीच जात. ज्यांचं गेलेलं दिसतं त्यांचे फोटो आपण बघतो, ते कधी आणि कसे काढले गेले हे आपल्याला दिसत नाही.

मग पट्टा कशाला देतात? त्याचं काम आहे, आणि पहिल्या दिवसांत ते मोठं आहे. सिझरनंतर खोकला आला, शिंक आली, कुशीवरून उठायचं झालं की टाक्यांवर ताण येतो. त्या वेळी पोटाला बाहेरून धरलं की बरं वाटतं आणि बाई चालायला धजावते. लवकर चालणं गरजेचं असतं, कारण पडून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. पट्ट्यावर झालेल्या काही अभ्यासांत पहिल्या दिवसांत दुखणं कमी होऊन चालणं वाढलेलं दिसलं, काहींत फरक दिसला नाही. त्यामुळे ज्या बाईला त्याने बरं वाटतं तिने लावावा, जिला जाच होतो तिने सोडावा. हात मोडल्यावर गळ्यात झोळी अडकवतो तसा तो आधार आहे. झोळीने हाड जुळत नाही आणि पट्ट्याने पोट आत जात नाही. चरबी तर त्याने मुळीच उतरत नाही.

फार घट्ट बांधलं की पोटातला दाब जागा शोधतो. वर गेला की जळजळ आणि दम लागणं, खाली गेला की ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर भार. लघवीची पिशवी, गर्भाशय, गुदाशय हे सगळं त्या स्नायूंवर टेकलेलं असतं, आणि नऊ महिन्यांच्या वजनाने ते आधीच सैल झालेले असतात. सिझर झालं तरीही. इथे मी तिला शिंकताना, हसताना लघवी सुटते का, असं विचारलं. तिने आईकडे बघितलं आणि हळूच हो म्हणाली.

आई इतका वेळ गप्प होत्या. आता म्हणाल्या, "ताई, मला एक विचारायचंय. माझं वेगळं आहे."

काकूंची तीन बाळंतपणं, तिन्ही घरी. त्यांच्या आईने दोन माणसं लावून पोट ओढून बांधलं होतं, म्हणून पोट सुटलं नाही, हा त्यांचा अभिमान. पण तिसऱ्या खेपेला सासरी माणूस नव्हतं. दहाव्या दिवशीच डोक्यावर घागर घेऊन पाणी भरावं लागलं. तेव्हापासून त्यांचं अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भाशय खाली सरकतं. उभं राहून काम केलं की संध्याकाळी खाली ओझं जाणवतं. इतक्या वर्षांत नवऱ्याला नाही, डॉक्टरांना नाही, लेकीलाही नाही. लेकीने शिंकेचं कबूल केलं तेव्हा त्यांना आपलं बोलता आलं.

मी त्यांना बांधल्यामुळे हे झालं असं सांगितलं नाही, कारण तसं एका गोष्टीवर ठेवता येत नाही. एकामागून एक बाळंतपणं, लगेच उचललेलं ओझं, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, वय, सगळं त्यात येतं. पण बांधल्याने ते टळलं नाही, हे तर त्यांच्याच अंगावर दिसत होतं. पुढे मी त्यांना म्हटलं, "काकू, पहिल्या दोन खेपांना आईने पोट बांधलं, तसंच सव्वा महिना जड कामाला उठू दिलं नाही. गरम खायला घातलं, धुणीभांडी दुसऱ्या कुणी केली. तिसऱ्या वेळी हा आराम गेला. लेकीला तो द्या, त्यात काही कमी करू नका." काकूंनी डोळे पुसले आणि विचारलं, "मग लुगडं नकोच?"

बांधू नका, असं मला म्हणायचं नव्हतं. आपलं काय चुकलं, असं घेऊन त्या घरी गेल्या असत्या तर लेकीभोवतीचा मायेचा हातच आखडला असता. जखम कोरडी झाल्यावर लुगडं हवं तर सैलसर, रुंद घडीचं, गाठ टाक्यांवर येणार नाही असं, आणि पोटभर श्वास घेता येईल इतपत. पट्टा आणि लुगडं एकावर एक नाही. टाके पक्के होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत पोटावर मालिश नको. पाठ, पाय, हात खुशाल चोळावेत. शेक देताना फार सांभाळायचं, कारण सिझरच्या टाक्यांभोवतीची कातडी काही महिने बधिर असते आणि भाजलं तरी कळत नाही. हे मी आवर्जून सांगते, शेगडी अजून बऱ्याच घरांत असते.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पट्ट्याचं वेळापत्रक ठरलं. उठून चालायचं असेल, जिना चढायचा असेल तेव्हाच लावायचा, तासा-दोन तासांनी काढायचा. पाजताना, जेवताना आणि झोपताना काढून ठेवायचा. आतून सुती कपडा हवा. पट्टा खाली कमरेच्या हाडांपासून सुरू व्हावा आणि टाके त्याखाली पुरते झाकले जावेत. कड टाक्यांवरच बसली तर ती घासते. दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. आणि रोज थोडा थोडा वेळ कमी करत जायचं, म्हणजे पोटाच्या स्नायूंना आपलं काम परत घ्यायची सवय होते. नॉर्मल बाळंतपण झालेलीला पट्ट्याची गरज नसते. कंबर लुळी वाटत असेल आणि हलक्या आधाराने बरं वाटत असेल तर थोडा वेळ लावायला हरकत नाही.

त्या दिवशी मनाची चाचणीही घेतली. एडिनबरो प्रश्नावलीत दहा प्रश्न असतात, 1987 पासून ती बाळंतिणींसाठी वापरतात. गुण काळजीचे आले नाहीत, तरी रोजचे फोटो मला खटकत होते. ते बंद कर, असा हुकूम मी दिला नाही. फोटो काढल्यावर तासभर कसं वाटतं ते लिहून आण, एवढंच सांगितलं. पुढच्या भेटीला तिनेच फोटो काढणं थांबवलं होतं. "बघितलं की बाळाला घ्यावंसं वाटत नाही," असं वहीत लिहिलं होतं. उदासी दोन आठवड्यांपलीकडे टिकली, बाळाजवळ जावंसं वाटेना, जीव नकोसा झाला, तर थांबू नये. टेली मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

शरीराच्या बाबतीतही काही गोष्टींना थांबायचं नसतं, आणि पट्ट्याखाली त्या झाकल्या जातात. टाक्यांतून पू किंवा दुर्गंधी, 100.4 अंशांवर ताप, तासाभरात पॅड पूर्ण भिजवणारा रक्तस्राव, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक दम लागणं, न थांबणारी डोकेदुखी. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. बाळंतपणानंतर आशाताई 42 व्या दिवसापर्यंत घरी येतात. त्या बाळासाठी आल्या तरी आपलं दुखणंही त्यांना सांगावं.

सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर ती फिजिओथेरपिस्टकडे गेली. स्नायूंमधलं अंतर दोन बोटांहून थोडं जास्त होतं. श्वास सोडताना पोट हलकेच आत घेणं आणि लघवी रोखल्यासारखे खालचे स्नायू आवळून सोडणं, इथून सुरुवात झाली. काकूंचीही तपासणी त्याच आठवड्यात झाली. त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांनी आत बसवायची आधाराची कडी दिली आणि तेच व्यायाम सांगितले. मायलेकी ते बरोबर करायला लागल्या.

बाळ चार महिन्यांचं असताना ती परत भेटली. शिंकताना लघवी सुटणं जवळजवळ थांबलं होतं. पोट पहिल्यासारखं नव्हतं आणि ते तिने न अडखळता सांगितलं. आता प्रश्न वेगळा होता. भावाचं लग्न आलं होतं, पैठणीखाली पोट आवळून धरणारं शेपवेअर घालू का? घाल, म्हटलं. दोन-तीन तास, पोटभर श्वास घेता आला पाहिजे, बाळाला पाजताना आणि जेवताना सैल करता आलं पाहिजे, आणि खाली ओझं जाणवलं तर लगेच काढायचं. नेहमीपेक्षा एक मापाने मोठं घे.