भावाला शिंका, मला धाप

'मावशी, धाकट्या भावाला शाळेतून सर्दी आली नि तीन दिवसांत गेली. तीच मला लागली आणि मी आठवडाभर नेब्युलायझरवर. डॉक्टरांनी छातीतली घरघर ऐकली, तरी आजी म्हणते, मनाने घेतेस. दम्याचा रोजचा पंप मी मे महिन्यात बंद केला, बरं होतं म्हणून. गणपती तोंडावर आलेत. पथक सोडू का?
— सदाशिव पेठेतली ढोलवाली'

अगं, मनाने घेतलेलं दुखणं स्टेथोस्कोपमधून शिट्टी वाजवत नाही, हे आजींना सांग. (प्रेमाने. त्या काळजीपोटीच बोलतात.)

तुम्हा दोघांचा विषाणू एकच, श्वासनलिकेचं अस्तर मात्र वेगळं. सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस अस्तराच्या पेशीत शिरला की ती पेशी इंटरफेरॉन नावाचं इशारा देणारं प्रथिन सोडते. शेजारच्या पेशी सावध होतात आणि विषाणूला फार पसरता येत नाही. दमेकऱ्यांच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांना हा विषाणू दिला, तेव्हा अनेकांच्या पेशींनी इंटरफेरॉन कमी सोडल्याचं 2005 मध्ये दिसलं. सगळ्यांच्याच बाबतीत असं होत नाही. पण दमेकऱ्यांचं अस्तर आणखी एक उद्योग करतं: टीएसएलपी, आयएल-33 असे रासायनिक संदेश पाठवून इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींना बोलावतं. त्या आल्या की सूज येते, चिकट कफ साठतो, नळीभोवतीचे स्नायू आवळतात. भावाचं नाकावर भागलं ते तुझ्या छातीत उतरलं, ते असं.

आता रागवते. पंप का बंद केलास? बरं वाटत होतं ते त्या पंपामुळेच. त्यातलं स्टिरॉइड अस्तराची सूज दाबून ठेवतं. ते थांबलं की अस्तर पुन्हा चिडकं होतं आणि पहिल्याच सर्दीत सापडतं. धाप लागल्यावर घ्यायचा पंप निराळा, तो स्नायू सैल करतो, सूज तशीच राहते. या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा, रोजचा पंप पुन्हा सुरू कर आणि सर्दी झाल्यावर काय वाढवायचं ते कागदावर लिहून घे. अँटिबायोटिक मागू नकोस, विषाणूवर ते चालत नाही.

पथक सोडू नकोस. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी मात्र सरावाला दांडी, पथकप्रमुख कितीही कुरकुरले तरी. लक्ष्मी रोडवर गुलाल उधळला जाईल तिथून लांब राहा. धापेचा पंप ढोलासोबत हवाच, आणि तो कुठे ठेवलाय हे शेजारच्या ताशावाल्यालाही माहीत हवं. पंप घेऊनही एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसले, तर वादन तिथेच टाकून थेट हॉस्पिटल गाठ.