नेदरलँड्सचा फुटबॉलपटू मार्को व्हॅन बास्टन इतक्या लवकर का थांबला? तो त्याच्याच देशाच्या योहान क्रायफपेक्षा मोठा खेळाडू होता का?

घोट्यामुळे थांबला, हे तुम्हाला माहीत असेलच. पण त्याचं शरीरच नाजूक होतं असं जे म्हणतात, ते मला अजिबात मान्य नाही.

डिसेंबर १९८६मध्ये अयाक्स या डच क्लबकडून ग्रोनिंगेन क्लबविरुद्ध खेळताना त्याचा उजवा घोटा दुखावला. तरी मे १९८७मध्ये कप विनर्स कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी तो अथेन्सला उतरला आणि गोल करून कप जिंकून दिला. प्रशिक्षक होता खुद्द योहान क्रायफ. लीगचे सामने सोड, पण युरोपातले खेळायचेच, असं त्यांचं ठरलं होतं. बावीस वर्षांचा पोरगा क्रायफला नाही कसं म्हणणार?

हे मी तावातावाने लिहितोय, कारण मी कोल्हापूरचा. इथे पेठापेठांत तालमीचे संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्खी पेठ तिकडे. मीही एका संघातून खेळायचो. सेमीफायनलच्या आधी सरावात माझा घोटा मुरगळला. सुजून इतका फुगला की बुटाची लेस शेवटच्या दोन भोकांत ओवताच येईना. संघाचे एक जाणते म्हणाले, "एवढ्यानं काय हुतंय रं? पट्टी बांध आन् उतर." क्रेप बँडेज, वर स्प्रे, आणि उतरवलं. हाफटाइमनंतर वळताना आतून काहीतरी तुटल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. लिगामेंट. आजही पंगतीत मांडी घालून बसता येत नाही. त्या गृहस्थांनी नंतर एकदाही चौकशी केली नाही.

आमचे मामा अजून म्हणतात, मॅराडोना लाथा खाऊन खेळलाच की, तुमचा व्हॅन बास्टन लेचापेचा. मामा, लेचापेचा माणूस १९८८च्या युरोत, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, इंग्लंडला तीन गोल मारतो? म्युनिकच्या अंतिम सामन्यात सहकारी म्यूरेनने बाजूने टाकलेला उंच चेंडू खाली पडू न देता, गोलरेषेजवळच्या अवघड कोनातून सोव्हिएत गोलरक्षक दासायेवच्या डोक्यावरून जाळ्यात घालतो? आणि तेही आधीच्या मोसमात शस्त्रक्रिया झालेली असताना. नोव्हेंबर १९९२मध्ये मिलान या इटालियन क्लबकडून स्वीडनच्या गोथेनबर्ग क्लबला एकट्याने चार गोल मारले. पुढच्याच महिन्यात पुन्हा शस्त्रक्रिया. २६ मे १९९३ला फ्रान्सच्या मार्से क्लबविरुद्ध युरोपातल्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेचा अंतिम सामना, त्याच म्युनिकच्या मैदानावर. तो त्याचा शेवटचा सामना. वय २८. पुढची दोन वर्षं धडपडला आणि ऑगस्ट १९९५मध्ये निवृत्ती जाहीर केली. मिलानच्या सान सिरो मैदानावर त्याने निरोपाची फेरी मारली तेव्हा प्रशिक्षक कापेल्लोसारखा कडक माणूस रडला. पुढे तो घोटा शस्त्रक्रियेने कायमचा जखडावा लागला.

क्रायफपेक्षा मोठा का? बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, दोघांनाही तीन-तीन वेळा. गोल मारणारा म्हणून मी व्हॅन बास्टनलाच वर ठेवतो. फुटबॉल कसा खेळायचा हे क्रायफने बदललं, ती गोष्ट वेगळी.

एक मात्र खरं, सगळा दोष खेळवणाऱ्यांचा नाही. मागून पाय घालणारे बचावपटू होते, त्या शस्त्रक्रियांनीही घोटा सुधारला नाही. पण तुमच्या घरात खेळणारं पोर असेल आणि कुणी त्याला सुजल्या पायावर पट्टी बांधून उतरवत असेल, तर मैदानात जाऊन पोराला बाहेर काढा. तो माणूस पेठेत कितीही मानाचा असो.