शाळेत आलेले संगणक बंद का पडतात?

प्रश्न : राष्ट्रीय योजनेतून आमच्या खेड्यातल्या शाळेला वीस लॅपटॉप, इन्व्हर्टर आणि इंटरनेट जोडणी मिळाली. दोन वर्षांत बॅटऱ्या बसल्या, आता सगळं कपाटात आहे. पुढच्या योजनेत काय मागावं?

उत्तर : आधी वीज मागा, यंत्रं नंतर. चालू लॅपटॉपला सरासरी ३० वॅट धरा. वीस लॅपटॉप रोज चार तास चालले की २.४ युनिट लागतात, इन्व्हर्टरची गळती धरून साधारण २.८. इन्व्हर्टरची लेड-ॲसिड (शिसं आणि आम्लाची) बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवू नये, म्हणून साठवण दुप्पट हवी, ५.६ युनिटांची. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या एका बॅटरीत १.८ युनिट मावतात. म्हणजे बॅटऱ्या चार. दोनच बसवल्या तर त्या रोज पाऊण रिकाम्या होतात आणि वर्षा-दोन वर्षांत मान टाकतात.

लांब सुट्टी तर बॅटरीचा काळच. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कडक पांढरट थर धरतो, मग ती कधीच पूर्ण चार्ज होत नाही. सुट्टीआधी ती पूर्ण भरा, लोड काढा, आतल्या पाण्याची पातळी खुणेपर्यंत आणा. पाणी डिस्टिल्डच घाला. नळाच्या पाण्यातले क्षार प्लेटा खातात.

टॅब्लेट चालणार असतील तर जरूर घ्या. ५,००० एमएएच क्षमतेच्या बॅटरीचे तीस टॅब्लेट एकदा भरायला पाऊण युनिटाच्या आसपास पुरतं.

प्रश्न : जोडणी १० एमबीपीएसची आहे, तरी वर्गात व्हिडिओ अडकतो.

उत्तर : चाळीस मुलांत वाटली तर प्रत्येकाला पाव एमबीपीएस येते. साध्या व्हिडिओला एक तरी लागते. साहित्य शाळेतच उतरवून ठेवा. रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर कोलिब्री (धडे आणि व्हिडिओ साठवून दाखवणारं सॉफ्टवेअर) किंवा किविक्स (विकिपीडियासारखी संकेतस्थळं साठवून दाखवणारं) टाकलं की मुलं वाय-फायवरून ते उघडतात, इंटरनेट लागतच नाही. वाय-फायसाठी वेगळा राउटर घ्या. त्या संगणकाचं अंगचं वाय-फाय पूर्ण वर्गाला पुरत नाही. वीज अचानक गेली की मेमरी कार्ड बिघडतं, म्हणून कार्डाची एक प्रत आधीच करून ठेवा.

प्रश्न : मग सरकारं लॅपटॉपच का वाटतात?

उत्तर : वाटप मोजता येतं म्हणून. पेरूमध्ये ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास झाला, २०१२ साली निष्कर्ष आले : मुलांना लॅपटॉप भरपूर मिळाले होते, गणित आणि भाषेत मात्र फरक दिसला नाही. धोरण लिहिणाऱ्यांनी हा अभ्यास समोर ठेवायलाच हवा. तुमच्या मागणीपत्रात तीन गोष्टी घाला : दुरुस्तीसाठी दरवर्षीचा स्वतंत्र निधी, तक्रारीनंतर किती दिवसांत माणूस येणार त्याची अट, आणि दर दहा यंत्रांमागे एक जादा चार्जर. चार्जरची वायर पिनेजवळ वाकून तुटते, आणि तेवढ्यासाठी चांगला लॅपटॉप महिनोन्महिने पडून राहतो.