पश्चिमेची खिडकी आणि दुहेरी काच

प्रश्न : ताई, नमस्कार. हर्णैला आमचं जांभ्याचं घर आहे, वर स्लॅब, तोंड समुद्राकडे. खिडक्या सासऱ्यांनी करून घेतलेल्या, फणसाच्या, काचेच्या तावदानांच्या. गेल्या वर्षी निजायच्या खोलीत एसी बसवला आणि विजेचं बिल वाढलं. पुण्याचा मुलगा म्हणतो, सगळ्या काढून दुहेरी काचेच्या यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) सरकत्या खिडक्या बसवू. चार खिडक्यांचं कोटेशन ६४,००० रुपयांचं आलंय. एवढे एकदम काढणं जड आहे. काय करावं?

उत्तर : त्या फणसाच्या चौकटी काढू नका, हे आधी सांगते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात इतकी वर्षं टिकलेलं लाकूड आज विकत घ्यायला गेलात तर परवडणार नाही.

आता दुहेरी काचेचं. उष्णता अडवते ती काच नव्हे, दोन काचांमध्ये कोंडलेली हवा. १२ मिलिमीटरची फट असली तर काचेतून झिरपणारी उष्णता साधारण निम्मी होते. बाहेर बर्फ आणि घरात शेगडी, अशा मुलखात हे निम्मं फार मोठं. हर्णैत मे महिन्यात बाहेर ३३ अंश, एसीच्या खोलीत २६. फरक सातच अंशांचा. ४ बाय ४ फुटांची खिडकी धरली तर एकेरी काचेतून ६० वॅट झिरपतात, दुहेरीतून ३०. त्याच पश्चिमेच्या खिडकीवर चारचं ऊन आलं की ६०० ते ७०० वॅट थेट आत उतरतात, आणि साध्या दुहेरी काचेतूनही त्यातलं बरंचसं येतंच. म्हणून पहिला पैसा उन्हावर घाला.

ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर. आतला पडदा तापला की ती धग खोलीतच राहते. पश्चिमेला छज्जा पुरत नाही, कारण साडेचारनंतर ऊन त्याच्याखालून आडवं येतं. मालगुंडला आईच्या घरी आम्ही बांबूचा चिक, म्हणजे काड्यांचा पडदा, भिंतीपासून वीतभर पुढे टांगलाय, मधली गरम हवा वर निघून जाते. रोपवाटिकेत वापरतात ती ७५ टक्के ऊन अडवणारी जाळी, शेडनेट, चौकटीवर ताणलीत तरी चालेल. हुक स्टेनलेसचे, तेही ३१६ ग्रेडचे घ्या. ३०४ ला किनाऱ्यावर तांबेरा चढतो. आणि मृगाच्या आधी सगळं उतरवून ठेवायचं. निसर्ग वादळात दापोलीकडची छपरं कशी उडाली ते तुम्ही पाहिलंच आहे.

दुसरं काम फटींचं. दुपारी वारा सुटला की पंखा बंद करून, दारं लावून उदबत्ती पेटवा आणि झडपेच्या कडेने हळूहळू फिरवा. धूर जिथे वाकतो तिथून दमट हवा आत येते, आणि एसीची बरीच मेहनत तिच्यातलं पाणी काढण्यात जाते. तिथे ईपीडीएम रबराची पोकळ, डी आकाराची पट्टी लावा. फोमची नको, ती पावसात पाणी पिते. पोकळच का? मे महिन्यात लाकूड आकसलेलं असतं, श्रावणात फुगतं. भरीव पट्टी बसवलीत तर आषाढात झडप लागणार नाही, आणि मग सुतार येऊन चांगली झडप रंधून टाकतो. चार खिडक्यांची पट्टी आणि सुताराची एका दिवसाची मजुरी, एवढ्यात हे होतं. पट्टी मीटरच्या मापाने मिळते, बिजागरीच्या बाजूला एक माप पातळ घ्या.

एवढं करून एक मे महिना काढा, बिल बघा. तरी हौस असेल तर फक्त एसीच्या खोलीची पश्चिमेची एक खिडकी दुहेरी काचेची करा. काच लो-ई मागा, म्हणजे उष्णता परतवणारा पातळ लेप दिलेली, आणि तो लेप बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला असल्याची खात्री करून घ्या. सरकती मात्र नको. सरकती खिडकी निम्मीच उघडते. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची २०१८ ची इको निवास संहिता आपल्यासारख्या उष्ण-दमट हवेत घराच्या चटई क्षेत्रफळाच्या १६.६६ टक्के उघडणारी जागा असावी म्हणते. त्या हिशोबाने १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट. १६ चौरस फुटांची सरकती तुम्हाला आठच देईल, आणि एसी बंद असताना वारा हाच आपला आधार.

शेवटी एक, पोळून शिकलेलं. आमच्याकडे दुहेरी काच बसवली ती तिसऱ्या पावसाळ्यात आतून धुरकट झाली. चौकटीखालच्या पन्हळीत पाणी साचत होतं, बाहेर जायची भोकं सिमेंटने बुजली होती. काचेची कड पाण्यात बसली, दोन काचा जोडणारी डकवण सुटली आणि दमटपणा दोन काचांमध्ये शिरला. तो पुसता येत नाही. मिस्त्री जाण्याआधी लोटाभर पाणी खालच्या पन्हळीत ओता, ते बाहेर पडताना डोळ्यांनी बघा, मगच पैसे द्या.

प्रश्न : एसी परवडत नाही. खिडकीला वाळ्याची ओली ताटी लावली तर खोली गार होईल का? (एक वाचक, देवगड)

उत्तर : नाही. विदर्भात होते, कारण तिथली हवा कोरडी असते आणि पाणी झटकन सुकताना उष्णता ओढून घेतं. देवगडची हवा आधीच पाण्याने भरलेली. ओल्या ताटीने खोली आणखी कोंदट होईल आणि कपाटातल्या साड्यांवर बुरशी येईल. चिक बाहेर लावा, खिडकी उघडी ठेवा, आणि समोरच्या भिंतीत वर हवा जायला झरोका काढून घ्या.