शाळेचं बांधकाम बजेटबाहेर गेलंय? आधी हे करा

दादा, घाबरू नका, शाळा व्यवस्थापन समितीवर नवीन असताना आमचंही असंच झालेलं, दोन खोल्यांचं काम आणि पैसे प्लिंथलाच (जोत्यालाच) अर्धे संपले.

पहिलं म्हणजे आजपासून तोंडी 'एवढं करून टाका' बंद. एक्स्ट्रा काम लेखी, रेट ठरवूनच. आमच्याकडे एका सरपंचांनी उभ्या उभ्या ओटा वाढवायला सांगितला न् बिल आलं तेव्हा कोणीच ओळख दाखवेना.

दुसरं, इंजिनिअरला घेऊन टेप लावून झालेलं काम मोजा, एमबीशी (मोजमाप वहीशी) ताडा, मुरूम किती ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट) पडला तेही. पुढचं बिल त्यानंतरच.

मग कात्री:
- कमान, ग्रॅनाइट, फॉल्स सीलिंग उडवा
- व्हिट्रिफाइड टाइल्सऐवजी शहाबादी किंवा कोटा फरशी
- कंपाउंड, पेव्हर पुढच्या वर्षी

नवीन लोक हमखास चुकतात ते म्हणजे स्टील, सिमेंट न् स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगमध्ये काटकसर करतात. काळ्या मातीत पाया तर अजिबात छाटायचा नाही. मुला-मुलींची वेगळी टॉयलेट आणि रॅम्पही राहू द्या, आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) निकषातच आहे ते.

कॉन्ट्रॅक्टर बदलायचा विचार मात्र आत्ता नको, अर्धवट कामाला नवा माणूस जास्तच रेट लावतो. मोजमाप झालं की आकडे टाका, बघू कुठं काय निघतंय.